मुक्कामी थांबा व खुला मार्ग

मुक्कामी थांबा व खुला मार्ग : (मैल-तिकिटांवरील). विमान कंपन्यांच्या नियमित प्रवासी योजनांत साठविलेल्या मैलांच्या मोबदल्यात मिळणाऱ्या तिकिटावरील दोन सवलती. वाटेतील एखाद्या शहरी काही दिवस राहून त्याच तिकिटावर पुढे जाणे, हा मुक्कामी थांबा. ज्या शहरी उतरले त्याऐवजी दुसऱ्या शहराहून परतणे, हा खुला मार्ग. व्यवहारात त्यांस अनुक्रमे ‘स्टॉपओव्हर’ व ‘ओपन जॉ’ म्हणतात. ‘ओपन जॉ’ म्हणजे शब्दशः उघडा जबडा. जाण्यायेण्याच्या रेषा नकाशावर काढल्यास त्यांची टोके जुळत नाहीत आणि आकृती आ वासलेल्या तोंडासारखी दिसते.

आंतरराष्ट्रीय प्रवासात वाटेतील वास्तव्य २४ तासांहून अधिक झाल्यास तो मुक्कामी थांबा गणला जातो. त्याहून कमी असल्यास ते केवळ विमान बदलणे ठरते. अमेरिकेच्या देशांतर्गत प्रवासात ही मर्यादा सामान्यतः ४ तासांची असते. मुंबईहून निघालेला प्रवासी लंडनला पाच दिवस राहून न्यूयॉर्कला गेला, तेथून रेल्वेने किंवा मोटारीने शिकागोस पोहोचला आणि शिकागोहूनच मुंबईला परतला, तर त्याच्या तिकिटावर एक मुक्कामी थांबा व एक खुला मार्ग येतो. न्यूयॉर्क ते शिकागो हा भूपृष्ठावरील टप्पा तिकिटात मोडत नाही. त्याचा खर्च प्रवाशाने स्वतः करावयाचा असतो. हे अंतर तिकिटावरील हवाई टप्प्यांच्या मानाने कमी असावे, अशी अट अनेकदा असते. परतताना मुंबईऐवजी बंगळूरला उतरल्यास जबडा दुसऱ्या टोकासही उघडतो व मार्ग दुहेरी खुला होतो. अमेरिकेत एक मूल पूर्वेस व दुसरे मध्यभागी स्थायिक झालेल्या आईवडिलांना अशा तिकिटाचा उपयोग विशेष जाणवतो.

या दोन्ही कल्पना मैल-योजनांपेक्षा जुन्या आहेत. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या परिषदांत भाडी ठरत असत, तेव्हा आरंभस्थान व गंतव्यस्थान यांवर भाडे आकारले जाई आणि त्या भाड्यात कमाल किती अंतर जाता येईल हे निश्चित असे. त्या अंतराच्या मर्यादेत राहून पूर्ण भाडे भरणाऱ्यास वाटेत मुक्काम करता येई. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने भाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठले, स्पर्धा वाढली आणि १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने आपली मैल-योजना सुरू केली. इतर कंपन्यांनी तिचे लगोलग अनुकरण केले. या योजनांच्या नियमांत जुन्या भाडेपद्धतीची परिभाषा व बरेचसे दंडकही आले.

सवलतीचे मोल तिकिटाची किंमत कशी ठरते यावर अवलंबून असते. जगाचे विभाग पाडून विभागानुसार मैल आकारणाऱ्या पद्धतीत वाटेतील थांब्याने किंमत वाढत नाही, कारण दोन्ही टोके तीच राहतात; या पद्धतीतच थांबा खरोखर फुकट पडतो. अंतरावर आधारलेल्या पद्धतीत तो वाकड्या वाटेने घेतल्यास महागतो. मागणीनुसार रोज किंमत बदलणाऱ्या पद्धतीत मात्र थांब्याला फारसा अर्थ उरत नाही. प्रत्येक टप्पा जणू निराळे तिकीट होऊन बसतो. डेल्टाने २०१५ मध्ये व युनायटेडने २०१९ मध्ये आपली प्रकाशित कोष्टके काढून घेतली ती याच दिशेने. एकेरी मैल-तिकिटे निम्म्या किमतीत मिळू लागल्यावर खुल्या मार्गाची वेगळी गरजही उरली नाही : दोन एकेरी तिकिटे घेतली की तो आपोआप साधतो. थांब्याला मात्र असा पर्याय नाही, म्हणून खरी हानी तेथे झाली.

अमेरिकन एअरलाइन्सने एप्रिल २०१४ मध्ये आणि डेल्टाने १ जानेवारी २०१५ पासून विनामूल्य थांबा बंद केला. युनायटेडच्या जाण्यायेण्याच्या तिकिटावर एक थांबा व दोन खुले मार्ग मिळत. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांच्या जागी परदेशातील एका विभागातच एक टप्पा फुकट देणारा मर्यादित नियम आला व तोही ऑगस्ट २०२५ मध्ये रद्द झाला. उलट एअर कॅनडाने नोव्हेंबर २०२० मध्ये आपली योजना नव्याने मांडताना एकेरी तिकिटावरही ५,००० गुणांत ४५ दिवसांपर्यंतचा थांबा देऊ केला.

मैल लागत नाहीत म्हणजे पैसे लागत नाहीत, असे नव्हे. ब्रिटनमधील हवाई प्रवासी कर २४ तासांच्या आत विमान बदलणाऱ्यास सामान्यतः लागू होत नाही, पण लंडनला मुक्काम केल्यास पुढील उड्डाणावर तो द्यावा लागतो आणि वरच्या वर्गात तो बराच भारी असतो. भारतीय पारपत्रधारकास थांब्याच्या देशाचे प्रवेशपत्रही अनेकदा लागते. शिवाय क्रमातील एक टप्पा न कळवता सोडल्यास कंपनी उर्वरित टप्पे रद्द करते.

साठविलेल्या मैलांविषयीचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८८ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने मैल-तिकिटांच्या जागा व तारखा यांवर नव्या मर्यादा घातल्या व त्या आधी जमविलेल्या मैलांनाही लावल्या. त्यावरील खटल्यात १९९५ साली न्यायालयाने ठरविले, की राज्यांच्या ग्राहकसंरक्षण कायद्यान्वये दावा चालणार नाही, मात्र कंपनीने स्वतःच केलेल्या कराराच्या भंगाबद्दल तो चालेल. २०१४ मधील नॉर्थवेस्ट विरुद्ध गिन्सबर्ग या खटल्यात, करारातील शब्दांपलीकडे जाऊन राज्याच्या कायद्याने लादलेल्या सद्भावनेच्या कर्तव्यावर आधारलेला दावाही फेटाळला गेला. आणि नियम बदलण्याचा अधिकार तर कंपन्या करारातच स्वतःकडे राखून ठेवतात. निघालेल्या तिकिटास सामान्यतः जुनेच नियम लागू राहतात. परंतु मार्ग बदलून ते पुन्हा काढावे लागल्यास प्रचलित नियमांनी किंमत ठरते व थांबा गमावण्याचा संभव असतो.