संग्रहाचे दप्तर (लेखांक सहावा) : रिकामे आसन

गेल्या लेखांकात युद्धोत्तर जपानातील पत्र्याच्या, चावीवर चालणाऱ्या यंत्रमानवांची हकीकत सांगून झाल्यावर संग्राहकाच्या कपाटातील पुढचा खण, म्हणजे १९७४ ते १९८६ या एका तपातील ओतीव धातूचे आणि प्लॅस्टिकचे यंत्रमानव, उघडण्याचे आश्वासन मी वाचकांना दिले होते. तो खण उघडताना मी सर्वांत देखणी वस्तू हाती न घेता एक ओबडधोबड लाल व्हॅन घेतो. तळहातावर सहज विसावणारी ही गाडी ठरलेल्या क्रमाने उलगडली, की तिचे हातपाय सुटे होतात आणि ‘आयर्नहाइड’ नावाचा लढवय्या उभा राहतो. दूरदर्शन-मालिकेत त्याला भरदार मस्तक आणि करारी चेहरा होता. खेळण्याला मात्र मस्तकच नाही. पुढच्या काचेमागे एक इवलेसे आसन आहे आणि त्या आसनाच्या पाठीवर चेहऱ्याचे स्टिकर चिकटवलेले आहे. जो स्वतःच सजीव, स्वतःच बुद्धिमान, ज्याला सारथ्याची यत्किंचितही गरज नाही, त्याच्या उदरात हे आसन कोणासाठी, हा प्रश्न ज्याच्या मनात उठला त्याचा संग्राहक होण्याचा पहिला संस्कार झाला असे समजावे.

उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते. ‘रोबॉट’ हा शब्द जगाला मिळाला तो चेक नाटककार कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून. तो सुचवला त्यांचे बंधू योसेफ यांनी, आणि त्याचे मूळ ‘रोबोटा’ या चेक शब्दात, म्हणजे आपल्या जुन्या महसुली दप्तरांतल्या वेठबिगारीत आहे. धनी आणि वेठबिगार हे नाते असे शब्दाच्या जन्मातच होते. जपानी चित्रकथाकारांनी धन्याने बसावे कोठे, एवढाच प्रश्न वेगवेगळ्या रीतींनी सोडवला. ओसामु तेझुका यांच्या १९५२ सालच्या ‘अॅटम’ला सारथी नव्हता, कारण तो मुलासारखा भावना असलेला स्वतंत्र जीव होता. परंतु १९५६ साली मित्सुतेरु योकोयामा यांनी रंगवलेल्या ‘तेत्सुजिन २८’ या लोहपुरुषाला स्वतःची इच्छा नव्हती. शोतारो नावाच्या मुलाच्या हातातील नियंत्रक ज्याच्या ताब्यात जाईल त्याचा हुकूम तो पाळी, मग तो सज्जन असो वा दरोडेखोर. १९७२ साली गो नागाई यांनी ‘माझिंगर झेड’मध्ये धन्याला दुरून उचलून थेट यंत्राच्या मस्तकात बसवले. वाहनांच्या कोंडीत अडकलेल्या गाड्या पाहताना, आपल्या गाडीला पाय फुटावेत आणि ती इतरांच्या माथ्यांवरून चालत जावी, या विचारातून ही कल्पना निघाली असे त्यांनी पुढे सांगितले आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकाला तिची उत्पत्ती अधिक समजावून सांगण्याचे कारण नाही.

या माझिंगरचे धातूचे खेळणे पॉपी या कंपनीने १९७४ साली बाजारात आणले आणि त्याला ‘चोगोकिन’, म्हणजे महामिश्रधातू, हे कथेतूनच उचललेले नाव दिले. वस्तुतः तो जस्ताचा ओतीव मिश्रधातू. परंतु हाताला लागणारा त्याचा गार स्पर्श, त्याचे वजन आणि स्प्रिंगच्या जोरावर सुटणारी मूठ यांनी मुलांवर अशी मोहिनी घातली, की पुढच्या दहा वर्षांत जपानी खेळण्यांच्या धंद्याचा कणा हा धातूच होऊन बसला.

आता आपल्या लाल व्हॅनकडे यावे. ताकारा या जपानी कंपनीने १९८० साली ‘डायाक्लोन’ नावाची खेळण्यांची मालिका काढली. तिचा नायक यंत्रमानव नव्हता, माणूस होता: सुमारे तीन सेंटिमीटर उंचीचा, तळपायांत लोहचुंबक बसवलेला एक सैनिक, जो यंत्राच्या धातूच्या भागावर घट्ट उभा राही आणि आतल्या आसनावर नेमका बसे. १९८२ पासून या मालिकेत रस्त्यावरच्या खऱ्या मोटारींच्या बेतावर घडवलेले यंत्रमानव आले आणि आपली व्हॅन त्यांपैकीच होय. ते आसन त्या चुंबकी सैनिकाचे. त्याच कंपनीच्या ‘मायक्रोमॅन’ या दुसऱ्या मालिकेत १९८३ साली ‘मायक्रो चेंज’ ही शाखा फुटली. तिच्यातील यंत्रमानव घरात आढळणाऱ्या वस्तूंचे, म्हणजे कॅसेट प्लेअर, सूक्ष्मदर्शक किंवा पिस्तूल यांचे, सोंग घेत.

अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने या दोन्ही कुळांतील साचे परवान्याने घेतले आणि १९८४ साली ते ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या एकाच नावाखाली विकावयास काढले. (या शब्दाने आपल्याकडे चौकातले विजेचे रोहित्रच प्रथम डोळ्यांपुढे येते, हा भाग निराळा.) कथानकाचे आणि नामकरणाचे काम मार्व्हल या चित्रकथा-संस्थेकडे गेले. डेनिस ओनील यांनी नायकाला ‘ऑप्टिमस प्राइम’ हे नाव दिले, आणि बहुतेक इतरांची नावे व स्वभावचित्रे बॉब बुडियान्स्की यांनी लिहिली. ताकाराच्या यादीत जी ‘बॅटल कॉन्व्हॉय’ नावाची वाहतुकीची गाडी होती, ती या बारशात धीरगंभीर, न्यायप्रिय सेनापती झाली. स्वभाव आला, भीती आली, विनोद आला; आणि ज्या क्षणी यंत्राला अंतःकरण मिळाले त्या क्षणी आतला माणूस अडगळ ठरला. डबीतून तो सैनिक काढून टाकण्यात आला. परंतु पोलादी साचा नव्याने कोरणे हा या धंद्यातला जड खर्च असल्यामुळे आसन तसेच राहिले. वेठबिगार स्वतंत्र झाला, तरी धन्याची बैठक त्याच्या पोटातून निघाली नाही.

कथेने दडवलेले असे दुसरेही पुरावे या खेळण्यांच्या अंगावर आहेत. ‘ट्रान्सफॉर्मर्स’च्या दूरदर्शन-मालिकेत साउंडवेव्ह हा दुष्टांचा हेर घराएवढ्या उंचीवरून आक्रसत हातात मावणारा कॅसेट प्लेअर होतो, आणि सम्राटाच्या तोऱ्यात वावरणारा मेगाट्रॉन आपल्याच सेवकाच्या मुठीतील पिस्तूल होतो. एवढे वस्तुमान जाते कोठे, असा प्रश्न विज्ञानाचा विद्यार्थी विचारील. त्याचे उत्तर भौतिकशास्त्रात शोधू नये, ताकाराच्या दप्तरात शोधावे. मायक्रो चेंजच्या वस्तू मुळी आहेत त्याच आकाराच्या मानलेल्या होत्या, डायाक्लोनच्या मोटारी मात्र कितीतरी पटींनी लहान केलेल्या नकला होत्या. आणि ही दोन भिन्न मापांची कुळे एका मांडवाखाली आणताना कथाकारांना जी मखलाशी करावी लागली, तिलाच प्रेक्षक परग्रहावरील विद्येचा चमत्कार समजले. तिसरा पुरावा अंगावरच कोरलेल्या सालाचा. १९८४ च्या खेळण्यावर १९८० किंवा १९८२ हे साल दिसले, की नवखा ग्राहक आपल्याला दुर्मिळ पूर्वावतार गवसल्याच्या आनंदात दुप्पट दाम मोजतो. वस्तुतः ते साच्यावरील हक्काच्या नोंदीचे साल असते, उत्पादनाचे नव्हे. सनदेवरील तारीख आणि तिच्या नकलेची तारीख यांत दप्तरखान्याचा कारकून जो भेद करतो, तोच येथे करावयाचा असतो.

पारखीचे आणखी काही नियम याच ओघात सांगून टाकतो. १९८५ पासून हॅस्ब्रोने नकली मालाला आळा घालण्यासाठी अंगठ्याच्या उबेने पक्षचिन्ह प्रकट करणारे एक चौकोनी स्टिकर लावावयास आरंभ केला. आरंभीच्या १९८४ च्या मालावर ते नसते, म्हणून केवळ त्याच्या अभावावरून वस्तू खोटी ठरवू नये. ऑप्टिमस प्राइमच्या मुठी वेगळ्या काढता येतात, म्हणूनच त्या प्रथम हरवतात. खोक्याच्या पाठीवर प्रत्येकाचे चरित्र आणि गुणांचा आलेख छापलेला असे. हा आलेख तांबड्या पारदर्शक पट्टीतूनच वाचता येई, आणि ते कात्रण कापून जपून ठेवा अशी खुद्द कंपनीचीच सूचना असल्यामुळे आज्ञाधारक मुलांची खोकी आज भोके पडलेली मिळतात. पांढरे प्लॅस्टिक उन्हाने व हवेने पिवळे पडते. सोनेरी झाकेचे काही प्लॅस्टिक वर्षांनुवर्षे न हाताळताही इतके ठिसूळ होते, की सांधा वळवताच तुकडे हाती येतात. खेळण्याचा नाश खेळण्यानेच होतो हा समज अशा वेळी खोटा ठरतो.

पण निर्जीव मालाला नाव आणि स्वभाव दिल्याने काय घडते, याचे खरे मोजमाप १९८६ च्या ऑगस्टमध्ये झाले. जुनी खेळणी बाजारातून हटवून नव्यांना जागा करून देण्याच्या हिशेबाने, त्या वर्षीच्या चित्रपटात ऑप्टिमस प्राइमला पूर्वार्धातच मारण्यात आले. विक्रेत्यांच्या वहीत तो संपलेला माल होता. चित्रगृहातल्या मुलांच्या लेखी तो वडीलधारा होता, आणि ती ओक्साबोक्शी रडली. पालकांच्या तक्रारी आल्या, आणि पुढच्या वर्षी मालिकेत त्याला जिवंत करावे लागले. ज्यांनी धन्याला आसनावरून उठवले, त्यांनाच त्या रिकाम्या जागी मुलांनी कोणाला बसवले आहे याचा पत्ता नव्हता.

दरम्यान १९८५ साली ताकाराने हीच कथा जपानात परत नेली. साचे तिचेच, परंतु स्वभाव अमेरिकेत घडलेले; माहेरी परतलेल्या लेकीने सासरची बोली बोलावी तसा हा प्रकार होता. तरीही नायकाचे नाव तेथे ‘कॉन्व्हॉय’ हेच राहिले, हा जुन्या वहिवाटीचा एक लहानसा विजय.

म्हणून माझी वाचकांना विनंती एवढीच, की मुलांच्या जुन्या पेटीत किंवा जुन्या बाजारातील एखाद्या ढिगाऱ्यात असा यंत्रमानव हाती लागला, तर दाम विचारण्यापूर्वी, पिवळेपणा घालवण्यासाठी त्याला कसल्याही द्रावणात बुडवण्यापूर्वी आणि विटलेले स्टिकर उखडण्यापूर्वी, त्याची काच किंवा झाकण हलकेच उघडून आत पाहावे. आसन असेल तर ते पुसून स्वच्छ करावे, आणि रिकामेच ठेवावे.