वाघळांची दुपटी

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात, अथर्टनच्या पठारावर, जेनी मॅक्लीन या बाईंनी १९९० साली आरंभिलेले टोल्गा येथील वाघळांचे इस्पितळ मुख्यत्वे स्वयंसेवकांच्या बळावर चालत आले आहे, एवढा त्याचा दप्तरी इतिहास येथे पुरेसा आहे. संपादकांनी संस्थेचा परिचय मागितला होता. परंतु माझे चित्त गुंतले ते तेथील अनाथ पिलांच्या अंगावरील, हाताने शिवलेल्या वस्त्रात. आपल्याकडील तान्ह्याच्या दुपट्याचीच ती जातकुळी.

या वस्त्राचे मर्म कळण्यास वाघळाचे पाऊल पाहिले पाहिजे. देहाचा भार पडताच नखामागची कंडरा तिच्या आवरणावरील खाचांत अडकून बसते, आणि मग स्नायूंना काहीही श्रम न पडता ते पाऊल तासन् तास फांदी धरून राहते. पिलू हेच पाऊल घेऊन जन्मते. नखांनी मातेची लव आणि मागे वळलेल्या दुधाच्या दातांनी तिच्या काखेतील स्तनाग्र घट्ट धरून, पहिले काही आठवडे ते तिच्यासह रात्रीच्या आकाशात हिंडते. ऑक्टोबर ते डिसेंबर हा प्रसूतीचा काळ, आणि दुर्दैवाने तोच पक्षाघात आणणाऱ्या गोचिडीचाही! डोळ्यांभोवती फिकट लवेचा चष्मा असलेली ती माता विषाने लुळी पडून झाडाखाली कोसळते, तेव्हाही पुष्कळदा पिलू तिला जिवंत बिलगलेले सापडते.

अशा पिलाचे पंख मिटवून स्वयंसेवक त्याला वस्त्रात गुंडाळतात, आणि कवटाळावयास कापडाची एक सुरळी देतात. वस्त्र सुती किंवा मऊ फ्लॅनेलचे हवे. टॉवेलच्या फासांत नख अडकते, सुटा धागा अंगठ्याला आवळून रक्त कोंडू शकतो, म्हणून शिवणाऱ्या हाताला कडा आत दुमडून प्रत्येक दोरा कापावा लागतो. जो जीव आपण कधी पाहणारही नाही, त्याच्या नखाचा एवढा विचार करणाऱ्या त्या अनामिक स्त्रीपुरुषांविषयी मला नितांत आदर वाटतो. ऑस्ट्रेलियातील २०१९-२० च्या वणव्यांत अशा वस्त्रांची हाक गेली, तेव्हा देशोदेशींहून इतकी गाठोडी आली की शेवटी 'आता पुरे' असे जाहीर करावे लागले.

परंतु सर्व आपत्तींना कापड पुरे पडत नाही. १९९६ मध्ये तेथील वाघळांत रेबीजसदृश विषाणू आढळला. तेव्हापासून लस टोचलेल्या माणसांवाचून कोणी या प्राण्यांस हात लावू नये, असा दंडक आहे. त्याहून मोठे संकट उष्म्याचे. नोव्हेंबर २०१८ मध्ये केर्न्सचा पारा ४२ अंशांपलीकडे गेला, आणि मोजक्याच दिवसांत या चष्मेवाल्या जातीची सुमारे २३,००० वाघळे, म्हणजे ऑस्ट्रेलियातील तिच्या संख्येचा जवळजवळ तृतीयांश, मृत्युमुखी पडली. पुढल्याच वर्षी शासनाने तिची नोंद संकटग्रस्त वर्गात केली. मादी वर्षाकाठी एकच पिलू देते, त्यामुळे ही तूट भरून येणे अतिशय कठीण. शिवाय या वाघळांना आसरा देणारे, आणि त्यांनीच बीजे दूरवर नेऊन टाकल्याने पोसले जाणारे, 'माबी' अरण्य आता विखुरलेल्या तुकड्यांतच उरले आहे. दुपटी पाठविणाऱ्यांच्या उदारपणाला तोड नाही. तथापि त्या तुकड्यांची राखण आणि नवी लागवड यांची तजवीज सरकारने आधी करावयास हवी.