संमतीविना शस्त्रक्रिया : अमेरिकेतील मूलनिवासी स्त्रियांचा इतिहास

वसाहतवादाचा इतिहास आपण बहुधा जमिनी, करार आणि लढाया यांच्या आधारे वाचतो. परंतु जित समाजावरील सत्ता जमिनीपाशी थांबत नाही. ती त्याच्या पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते. अमेरिकेत १८७९ साली कार्लाइल येथे सुरू झालेल्या सरकारी निवासी शाळेपासून मूलनिवासींची मुले दूर नेऊन त्यांची भाषा, वेश आणि नावे बदलण्यात आली. जी निवासी शाळा आपल्या समाजाला मुक्तीचे दार ठरली, तीच तेथे अस्मिता पुसण्याचे साधन बनली. विसाव्या शतकात या सत्तेने स्त्रीच्या मातृत्वावरही हात टाकला.

मूलनिवासींनी जमिनी दिल्या, त्या बदल्यात अनेक करारांत वैद्यकीय सेवेचे वचन होते. १९५५ पासून ही सेवा ‘इंडियन हेल्थ सर्व्हिस’ या सरकारी यंत्रणेकडे आली आणि १९६५ पासून तिच्यात कुटुंबनियोजनाचा समावेश झाला. राखीव प्रदेशातील गरीब स्त्रीला बहुधा दुसरा दवाखाना नव्हता. जो डॉक्टर तिचे बाळंतपण करी, तोच तिच्यापुढे संमतिपत्र ठेवी. अशा स्थितीत ‘नाही’ म्हणणे किती कठीण, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको.

१९७०च्या दशकाच्या आरंभी डॉ. कॉनी पिंकर्टन-उरी या मूलनिवासी वैद्यक स्त्रीकडे २६ वर्षांची एक तरुणी आली. विशीत आपली शस्त्रक्रिया कायमची झाली आहे, याची तिला कल्पनाच नव्हती. तिला आता मूल हवे होते. पिंकर्टन-उरी यांनी शोध घेतला, आवाज उठवला आणि सिनेटर जेम्स अबुरेझ्क यांच्या मागणीवरून सरकारी लेखापरीक्षण यंत्रणेने चौकशी केली. १९७६ च्या अहवालानुसार १२ पैकी केवळ ४ विभागांत, चार वर्षांत ३,४०६ नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या होत्या. २१ वर्षांखालील स्त्रियांवरील बंदी मोडून ३६ शस्त्रक्रिया झाल्या होत्या. संमतिपत्रे नियमांनुसार नव्हती. या चौकशीत कागदपत्रे तपासली गेली. स्त्रियांना मात्र कोणी विचारले नाही. ते काम नॉर्दर्न शायेन जमातीच्या न्यायाधीश मेरी सांचेझ यांच्यासारख्या स्त्रियांनी केले. १९७९ मध्ये नियम कडक झाले आणि संमतीनंतर ३० दिवसांची मुदत आवश्यक ठरली.

त्याच काळात आपल्याकडे आणीबाणी होती. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या; त्या मुख्यतः पुरुषांवर होत्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले. ते कायदा होऊ शकले नाही, एवढेच.

म्हणून काय संततिनियमनच त्याज्य मानावे? नाही. १९३८ साली मुंबई विधानसभेत बाबासाहेबांच्या भूमिकेनुसार पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या सोयी सरकारने द्याव्यात असा ठराव मांडला होता. सभागृहाने तो फेटाळला. त्या ठरावात साधन स्त्रीच्या हाती देण्याचा विचार होता. अमेरिकेतील दवाखान्यांत तेच साधन तिच्याविरुद्ध वापरले गेले. फरक शस्त्रक्रियेत नाही. निर्णय कोणाचा, यात आहे.

आपल्या शाळेतून शिकून गेलेल्या मुली उद्या परिचारिका, डॉक्टर, आरोग्यसेविका होतील. रुग्ण स्त्रीला तिच्या भाषेत कागद समजावून सांगणे, विचार करण्यास तिला अवधी देणे आणि तिचा नकार मान्य करणे, एवढे त्यांनी केले तरी हा इतिहास वाचल्याचे सार्थक होईल.