तोल जाणारा माणूस आणि डॉक्टरचा वेळ

गांधी चमनकडून चाळिशीतला एखादा माणूस अडखळत येतो आहे, पाय फाकवून टाकतो आहे, बोलताना जीभ जड झाली आहे, असे दिसले तर जुन्या जालन्यात लोक काय म्हणतील? ‘सकाळीच घेतलेली दिसते!’ त्याने जन्मात दारूला हात लावलेला नसला तरी हेच म्हणतील. घरच्यांना मात्र आठवत असते की, याचे वडीलही शेवटची वर्षे भिंतीला धरून चालत आणि आत्या तर अंथरुणाला खिळूनच गेली. मग कोणी वात म्हणतो, कोणी बाहेरचे झाले म्हणतो.

तोल जाण्याची कारणे पुष्कळ आहेत. दारू आहेच, पण जीवनसत्त्वांची कमतरता, थायरॉईडचा दोष, मेंदूतील गाठ, काही औषधांचे दुष्परिणाम हीही आहेत. यातली बरीच कारणे उपचाराने दूर होतात म्हणून ती आधी तपासावी लागतात. परंतु एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या हा प्रकार चालत आला असेल तर लहान मेंदू हळूहळू झिजण्याचा आनुवंशिक विकार असू शकतो. डॉक्टर त्याला ‘स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया’ म्हणतात. नाव अवघड, रोग दुर्मिळ. त्याच्या एका प्रकाराची ओळख जगाला आपल्या मुंबईने करून दिली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नाही.

डॉ. नोशीर वाडिया १९५७ साली इंग्लंडहून शिकून परतले तेव्हा बत्तीस वर्षांचे होते. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात व जे. जे. रुग्णालयात त्यांनी मेंदूविकारांचा विभाग उभा केला. तोल जाणाऱ्या काही रुग्णांमध्ये त्यांना एक वेगळीच गोष्ट दिसली. वाचकहो, हा मजकूर वाचताना तुमचे डोळे सरकत नाहीत, एका शब्दावरून दुसऱ्यावर टुणकन उडी मारतात. या रुग्णांचे डोळे उडी मारत नव्हते, संथपणे सरकत होते. बाजूला पाहायचे तर ते मानच वळवत. हे ओळखायला यंत्र लागत नाही. रुग्णासमोर दोन बोटे धरायची, ‘याच्याकडे पाहा, आता त्याच्याकडे पाहा’ म्हणायचे आणि डोळ्यांकडे नीट लक्ष द्यायचे. वाडिया आणि त्यांचे सहकारी डॉ. स्वामी यांनी अशा नऊ कुटुंबांची माहिती १९७१ साली ‘ब्रेन’ या इंग्रजी नियतकालिकात छापली आणि हा वेगळा प्रकार आहे असे मांडले.

त्या म्हणण्याला जनुकाचा पुरावा मिळायला पंचवीस वर्षे लागली. १९९६ साली वेगवेगळ्या देशांतील तीन गटांनी एकाच वेळी त्या विकाराचे जनुक शोधले. त्या जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा बहुतेक माणसांत २२ वेळा येतो. रुग्णांत तो ३३ किंवा त्याहून जास्त वेळा येतो. तुकडे जितके जास्त, तितका आजार लवकर उपटतो, आणि पुढच्या पिढीत ते वाढण्याकडे कल असतो. आईवडिलांपैकी एकाला विकार असला तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी. वाडियांच्या गटाने भारतीय कुटुंबांत हे जनुक तपासून १९९८ साली पुन्हा लिहिले आणि संथ डोळ्यांची खूण निदानाला कशी उपयोगी पडते ते दाखवले.

दोन बोटांची तपासणी फुकट आहे. तिच्यासाठी लागणारी सवड मात्र फुकट नाही. ओपीडीत दारापर्यंत रांग असताना तोल जाणाऱ्या रुग्णाला ‘तुमच्या आत्याला काय झाले होते?’ हे विचारायला कोणाला वेळ आहे? त्या आत्याच्या मुलांना गाठणे, दरवर्षी पुन्हा तपासणे, नोंदी ठेवणे, रक्ताचे नमुने जपून ठेवणे ही तर पुढची गोष्ट. हे काम तरुण डॉक्टरच करू शकतो, कारण असा आजार दहा-वीस वर्षे पाठलाग करावा तेव्हा उलगडतो. आणि तरुण डॉक्टरची स्थिती काय असते? एम.बी.बी.एस., एम.डी., मग मेंदूविकारांची डी.एम. करेपर्यंत तिशी उलटते. डोक्यावर कर्ज, घरचे वाट पाहत असलेले. खासगी रुग्णालय बोलावत असते. दुर्मिळ रोगावर घर चालत नाही.

परदेशातही हे आपोआप झाले नाही. मिल्टन वेक्सलर या अमेरिकन मनोविश्लेषकाच्या घटस्फोटित पत्नीला १९६८ साली हंटिंग्टन हा मेंदू झिजवणारा आनुवंशिक विकार निघाला. त्याने त्याच वर्षी एक निधी स्थापन केला आणि नामवंतांबरोबर तरुण संशोधकांनाही जमवून मोकळ्या चर्चा घडवल्या. त्याची मुलगी नॅन्सी हिने १९७९ पासून व्हेनेझुएलात मराकायबो सरोवराकाठच्या मोठ्या कुटुंबांच्या वंशावळी जमवल्या. १९८३ साली जनुकाची जागा कळली आणि १९९३ साली जनुक हाती आले.

आपल्या जालन्याला जवळचे उदाहरणही आहे. मुंबईचे डॉ. भीमसेन सिंघल यांनी अगरवाल समाजातील काही मुलांमध्ये एक विकार पाहिला. बाळाचे डोके पहिल्या वर्षातच मोठे होऊ लागते, पुढे चालणे बिघडते, झटके येतात. १९९६ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. २००१ साली जनुक सापडले आणि आज अशा घरांत गर्भावस्थेतही तपासणी करता येते. यात कोणा समाजाला कमीपणा नाही. शतकानुशतके आपसांत लग्ने करणाऱ्या कोणत्याही समाजात असे काहीतरी निघतेच.

आपल्याकडे पैसा अजिबात नाही असे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद १९७९ पासून एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या छोट्या संशोधनासाठी विद्यावेतन देत आली आहे. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि लंडनचा वेलकम ट्रस्ट यांनी २००८ साली ‘इंडिया अलायन्स’ उभा केला. त्यात डॉक्टरांसाठी वेगळी फेलोशिप असून पाच वर्षे पगार आणि संशोधनाचा खर्च मिळतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पुढच्या टप्प्यासाठी १५०० कोटी रुपये मंजूर केले, त्यातले १००० कोटी केंद्राचे. २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणाखाली मुंबईच्या के.ई.एम.सारख्या ठरावीक केंद्रांत पात्र रुग्णाला मिळणारी मदत २०२२ मध्ये ५० लाखांपर्यंत वाढली. पण ही मदत उपचारासाठी आहे, शोध घेणाऱ्याच्या वेळेसाठी नाही. दोन्ही पिशव्या वेगळ्या आहेत आणि दुसरी आमच्या मते फारच लहान आहे.

खरी अडचण अंतराची. फेलोशिपचा अर्ज कसा लिहावा हे सांगणारे मार्गदर्शक मोठ्या शहरांत, आणि चार-चार पिढ्या एका गावात नांदलेली कुटुंबे अंबड, घनसावंगी, भोकरदनला. २०२४ साली जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या दोन महिन्यांच्या विद्यावेतनावर एका घराची वंशावळ जरी नीट लिहून काढली, तरी मुंबईच्या प्रयोगशाळेला घरबसल्या मिळणार नाही अशी वस्तू ती ठरेल.

या विकारावर अजून रोग थांबवणारे औषध नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. व्यायाम, बोलण्याचे उपचार, पडू नये म्हणून घरात दांड्या बसवणे याने दिवस सुकर होतात. ज्यांच्या घरी दोन पिढ्यांत असा तोल गेलेला आहे, त्यांनी मेंदूविकारतज्ज्ञाकडे जाताना एका कागदावर लिहून न्यावे: कोणाला, कितव्या वर्षी, काय सुरू झाले, कोण कशाने गेले. जुन्या चिठ्ठ्या, फोटो, एक्स-रे फेकू नयेत. रक्ताची जनुक तपासणी मात्र समुपदेशनानंतरच करावी. लक्षणे नसलेल्या लहान मुलांची ती करण्याची घाई नको, मोठे झाल्यावर त्यांचे त्यांना ठरवू द्यावे.