भुंग्याच्या पोटातील कोठी
(लेखांक ७)

मागील लेखांकात पोळ्यातील पिलावर जगणाऱ्या व्हरोआ या परजीवी माइटचा विचार केला होता. माइट आणि माशी यांचे नाते मात्र सर्वत्र शत्रुत्वाचेच असते असे नाही. माइट म्हणजे कोळ्याच्या वर्गातील आठ पायांचा सूक्ष्म जीव. शेतकऱ्यांना पिकावरचा लाल कोळी म्हणून परिचित असलेला जीव त्यांपैकीच एक होय. कोल्हापूर जिल्ह्यात घरांचे वासे आणि वाळलेले बांबू पोखरणारा काळा भुंगा ही वस्तुतः झायलोकोपा या प्रजातीतील माशी असून, तिच्यात राणी आणि कामकरी अशी विभागणी नसते. मादी स्वतः बीळ कोरते, पराग आणि मकरंद कालवून त्याचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडे घालते आणि लाकडाच्या भुशाचा पडदा उभारून कप्पा बंद करते. म्हणून तिची गणना एकांड्या माश्यांत होते.

सह्याद्रीत आढळणाऱ्या, याच प्रजातीतील टेन्युइस्कापा या जातीच्या मादीच्या पोटाच्या पहिल्या खंडात, छातीकडील बाजूस, एका छिद्रातून आत उघडणारी पोकळ कोठी असते. तिला अ‍ॅकॅरिनेरियम, म्हणजे माइटचे निवासस्थान, म्हणतात आणि तीत डिनोगॅमेसस प्रजातीचे माइट वस्तीला असतात. आर. सी. एल. पर्किन्स यांनी १८९९ मध्ये अशा कोठीचे वर्णन प्रसिद्ध केले. मादी कप्पा सिद्ध करू लागली की काही माइट खाली उतरतात, अळी वाढून कोशात जाईपर्यंत तेथेच थांबतात, तिच्या त्वचेवरील स्रावावर गुजराण करून प्रजनन करतात आणि नवी मादी बाहेर पडण्यापूर्वी तिच्या कोठीत शिरतात. नर घरटे बांधत नाही, त्यामुळे त्याच्या अंगी अशी कोठीही नसते. माइटच्या दृष्टीने नराबरोबरचा प्रवास व्यर्थच ठरला असता.

याच भुंग्यांच्या केसांना चिकटून फिरणारे सेनर्टिया माइट निराळे. प्रवासाच्या अवस्थेत त्यांना कार्यक्षम मुखावयवच नसतात, परंतु कप्प्यात पोहोचल्यावर पुढील अवस्था पिलासाठी साठवलेल्या परागावर ताव मारतात. एकाच माशीवर असा भाडेकरू आणि असा वाटेकरी दोन्ही नांदत असल्याने सर्व माइटना एका मापाने मोजणे अशास्त्रीय ठरते. डिनोगॅमेसस पिलाचे अंग बुरशीपासून स्वच्छ ठेवत असावेत, असा तर्क आहे. केवळ उपद्रवी जिवासाठी शरीरात खास दालन टिकून राहावे हे संभवनीय वाटत नाही, हे त्यामागील मुख्य कारण. जपानमधील एका एकांड्या गांधीलमाशीच्या बाबतीत, पिलांचा रस शोषणारे म्हणून परजीवी मानले गेलेले माइट घरट्यात घुसलेल्या शत्रूकीटकावर तुटून पडतात, असे ओकाबे आणि माकिनो यांनी २००८ मध्ये दाखवून दिले.

तूर आणि रुई यांच्या फुलांचे परागण हे भुंगे करतात. त्यामुळे त्यांच्या अंगावर माइट दिसले म्हणून शेतकऱ्यांनी औषध फवारू नये, वाशातील बिळे रॉकेलने बुजवू नयेत आणि बांधावरचे थोडे वाळके बांबू, थोडे जुने लाकूड तसेच राहू द्यावे.