गृहपाठातला रिकामा कोपरा

गेल्या पालकसभेला दहावीतल्या एका मुलीची अम्मी तिची वही घेऊन आली. वहीत वर्गसमीकरणांची सगळी उदाहरणे बरोबर होती. चाचणीत मात्र त्यातलेच एक उदाहरण आकडे बदलून आले आणि चुकले. "आपा, रोज मगरिबनंतर दोन तास बसते ती. मीही दहावी झालेय, पण उर्दू मीडियमची. तिच्या पुस्तकातले शब्दच कळत नाहीत, मदत काय करणार?"

आम्ही मुलीला जवळ बोलावले आणि वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवले, "दोन्ही बाजूंत २५ मिळवू." हे २५ कुठून आले? ती गप्प. गाइडमध्ये तसेच होते, म्हणून तिने उतरवले होते. अशा वह्या आम्ही दरवर्षी पाहतो. उत्तर बरोबर असते, पण मधली पायरी मुलांची नसते.

म्हणून तेच उदाहरण माय-लेकींसमोर पुन्हा सोडवले. एका आयताकृती अंगणाची लांबी रुंदीपेक्षा १० मीटरने जास्त आहे. क्षेत्रफळ ३९ चौरस मीटर आहे. लांबी आणि रुंदी काढा.

पहिली पायरी भाषेची. आयत म्हणजे मुस्ततील, चौरस म्हणजे मुरब्बा, समीकरण म्हणजे मसावात. एवढे सांगताच अम्मीच्या चेहऱ्यावर ओळख दिसली. गणित तेच होते, फक्त शब्द बदलले होते.

दुसरी पायरी मांडणीची. रुंदी क्ष मानली तर लांबी क्ष + १०. लांबी गुणिले रुंदी म्हणजे क्षेत्रफळ. म्हणून क्ष² + १०क्ष = ३९.

तिसरी पायरी कात्रीची. कागदाचा एक चौरस कापला. त्याची बाजू क्ष मानली, म्हणजे तो क्ष² झाला. उरले १०क्ष, म्हणजे १० लांब आणि क्ष रुंद अशी पट्टी. तिचे दोन सारखे तुकडे केले, प्रत्येक ५ लांब. एक तुकडा चौरसाच्या उजवीकडे लावला, दुसरा खाली. आता मोठा चौरस जवळजवळ तयार झाला, फक्त एक कोपरा रिकामा राहिला. तो ५ बाय ५ चा, म्हणजे २५ चा. "हेच ते २५!" मुलगी पटकन म्हणाली.

चौथी पायरी. कागदाचे तुकडे मिळून ३९ होते. कोपरा भरला तर ३९ + २५ = ६४. म्हणून २५ दोन्ही बाजूंत मिळवायचे. चाचणीत तिने ते फक्त डावीकडे मिळवले होते. ६४ क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू ८. म्हणून क्ष + ५ = ८ आणि क्ष = ३. रुंदी ३ मीटर, लांबी १३ मीटर. ताळा पाहा, ३ × १३ = ३९. समीकरणातून क्ष + ५ = −८, म्हणजे क्ष = −१३ असेही उत्तर निघते, पण रुंदी ऋण नसते. ते उत्तर का सोडले, हेही वहीत लिहावे.

हे समीकरण आणि ही आकृती आमची नाही. खलिफा अल-मामूनच्या काळात, साधारण इ. स. ८२० च्या सुमारास, बगदादमध्ये मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिज्मी यांनी आपल्या ग्रंथात हेच आकडे घेऊन ते समजावले. त्या ग्रंथाच्या नावातल्या 'अल-जब्र' या शब्दावरून जगभर अलजब्रा हे नाव रूढ झाले. त्यांच्याकडे क्ष, अधिक, बरोबर अशी चिन्हे नव्हती, सगळे गणित शब्दांत लिहिलेले. ग्रंथाचा मोठा भाग विरासत आणि वसीयतीच्या वाटण्यांचा आहे. तरीही नुसती रीत सांगून ते थांबले नाहीत, आकृती काढून कारण दाखवले. बीजगणिताची पायरी भूमितीने पटवली.

भूमितीच्या गृहपाठातही हेच. समद्विभुज त्रिकोणाचा शिरकोन ८०° असेल, तर पायाचे कोन ५०° हे मुले झटकन लिहितात. पण कारण कुठे आहे? समान बाजूंसमोरचे कोन समान असतात. तिन्ही कोनांची बेरीज १८०°. त्यातून ८०° गेले, उरलेल्या १००° चे दोन सारखे भाग. परीक्षेत या पायऱ्यांनाही गुण असतात.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. आपल्याला गणित येत नसले तरी मुलांजवळ बसा आणि तीनच प्रश्न विचारा. काय दिले आहे? काय काढायचे आहे? ही ओळ वरच्या ओळीतून कशी आली? उर्दूत विचारा, मराठीत विचारा. तिसऱ्या प्रश्नाला मूल अडखळले, की नेमके कुठे शिकवायचे राहिले ते कळते. तिथे खूण करा आणि वही शिक्षकांकडे पाठवा.

पुढच्या आठवड्यात त्या मुलीने वहीत कागदाचे तीन तुकडे चिकटवून आणले. कोपरा मोकळा होता आणि त्यात पेन्सिलीने २५ लिहिले होते. अक्षर अम्मीचे होते.

आज घरी हे करून पाहा, क्ष² + ६क्ष = ४०. आधी कात्री घ्या, पेन नंतर. कोपरा ९ चा निघाला आणि क्ष ची धन किंमत ४ आली, तर गाइड कपाटात ठेवायला हरकत नाही.