रोवणी, अप-डाऊन आणि पहिले सत्र

बारावीपर्यंत विद्यार्थ्याचा वर्ग ठरलेला असतो. बाक तोच, शिक्षक ओळखीचे, आणि चार दिवस दिसला नाही तर कोणीतरी घरी विचारणा करते. पदवीच्या पहिल्या वर्षी ही राखण एकदम सुटते. कोणत्या खोलीत कोणता तास आहे हे सूचनाफलकावर स्वतः पाहावे लागते आणि गैरहजेरीची दखल बहुधा सत्र संपता संपता, हजेरीच्या टक्क्यांतून घेतली जाते. भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाला संलग्न आहेत. 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांतही नवे शैक्षणिक धोरण लागू झाल्याने मेजर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य अभ्यासक्रम, भारतीय ज्ञानप्रणाली असे वेगवेगळे विषय आणि त्यांचे श्रेयांक पहिल्याच सत्रात समोर येतात. ज्याच्या घरातून याआधी कोणी कॉलेजात गेलेले नाही, त्याला हे समजावून सांगणारे घरी कोणी नसते. महाडीबीटी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्जही त्याचा त्यालाच भरायचा असतो.

मुळातच धास्तावणाऱ्या मुलाला किंवा मुलीला ही मोकळीक जड जाते. छाती धडधडते, तळहातांना घाम येतो, पोटात गोळा उठतो. धोका जाणवला की शरीरात ॲड्रेनॅलिन वाढते आणि हृदयाचे ठोके जलद होतात. अनोळखी वर्गात स्वतःची ओळख करून देतानाही शरीर तेच करते. हा त्रास खरा असतो, पण थोडा वेळ तिथेच थांबले की तो आपोआप ओसरू लागतो. नेमका हाच अनुभव धास्तावलेल्या विद्यार्थ्याला मिळत नाही, कारण तो त्याआधीच निघून जातो. तासाला दहा मिनिटे उशीर झाला, दार लोटलेले दिसले, आत गेल्यावर सगळे वळून पाहतील असे वाटले आणि पाय मागे फिरले. त्या क्षणी हायसे वाटते. पण तेवढ्या सुटकेने मन एकच गोष्ट शिकते, की न जाणेच बरे. दुसऱ्या दिवशी त्याच दारातून आत जाणे आणखी अवघड होते, आणि आता बुडालेल्या तासाची भीतीही जोडीला येते. पहिल्या वर्षाचे नुकसान भीतीपेक्षा या टाळण्याने जास्त होते.

भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात टाळायला सबळ कारणेही हाताशी असतात. कॉलेज सुरू होते ते रोवणीच्या दिवसांत. बांधीत मजूर मिळत नाहीत, म्हणून घरचा मुलगा चिखलात उतरतो आणि पहिले दोन-तीन आठवडे वर्गाबाहेर जातात. याच आठवड्यांत ओळखी होतात, वहीची देवघेव सुरू होते, कोणासोबत बसायचे हे ठरते. उशिरा येणाऱ्याला वाटते की सगळ्यांचे गट आधीच जमले आहेत. पुढे पोळा, दिवाळी, त्यानंतर गावोगावच्या मंडईच्या जत्रा आणि धानकापणी येते, आणि विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षाही याच सुमारास असतात. घरच्या कामाला नाही म्हणणे सोपे नाही, आणि तसे म्हणावे असा सल्ला देणे अन्यायाचे होईल. पण रोवणीच्या काळात आठवड्यातून दोन दिवस जरी तोंड दाखवता आले, तरी पुढची बरीच धास्ती वाचते.

रोज अप-डाऊन करणाऱ्यांची अडचण वेगळी असते. लाखांदूर किंवा पवनी तालुक्यातील आडगावाकडची बस चुकली की पुढची कधी लागेल याचा नेम नसतो. म्हणून शेवटच्या तासात अर्धे लक्ष घड्याळाकडे असते आणि तास सुटताच स्टँड गाठायचे असते. ग्रंथालय, प्रयोगशाळेबाहेरच्या गप्पा, राष्ट्रीय सेवा योजनेची कामे यांपैकी काहीच वाट्याला येत नाही. नागपूरला खोली करून राहणाऱ्याला वेळ भरपूर मिळतो, पण मेसचा डबा खाऊन संध्याकाळी भिंतीकडे बघत बसावे लागते. अशा वेळी दर शनिवारी गाव गाठण्याची ओढ स्वाभाविक आहे. पहिल्या महिन्यात मात्र एखादा रविवार शहरात काढलेला बरा, नाहीतर ते शहर कधीच आपले वाटत नाही.

बोलीचा संकोच बाहेर फारसा बोलून दाखवला जात नाही. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारी झाडीबोली नागपूर-पुण्याच्या वर्गात हशाचा विषय होते, आणि विज्ञान शाखेत त्यावर इंग्रजीचे दडपण येते. प्रश्न विचारायचाच नाही असा निर्णय अनेक मुले पहिल्याच आठवड्यात मनाशी करून टाकतात. तास संपल्यावर प्राध्यापकांना एकट्याने, आपल्या बोलीत एक शंका विचारणे ही यावरची चांगली सुरुवात आहे.

आपण इथले नाही ही भावना इतरांचे तसेच अनुभव कळल्याने कमी होते, याला संशोधनाचा आधार आहे. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सुमारे तासाभराच्या एका उपक्रमात वरच्या वर्गांतील मुलांचे अनुभव वाचायला दिले होते: सुरुवातीला सर्वांनाच परके वाटते, पुढे ते कमी होते. त्यानंतरच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण सुधारले. लाखनी-साकोलीच्या कॉलेजात द्वितीय वर्षाच्या मुलांनी नव्यांसमोर एक तास मोकळेपणाने बोलावे, यासाठी वेगळा निधी लागत नाही.

एखाद्या विषयात नापास होणे घरी सांगायला कठीण जाते, पण एटीकेटीच्या नियमांत बसत असेल तर वर्ष वाया न जाता तो विषय पुन्हा देता येतो. झोप उडणे, जेवण न जाणे, कॉलेजच्या नावानेच रडू येणे असे दोन आठवड्यांहून जास्त चालले, तर ते नुसत्या सवयीने जाईल अशी वाट पाहू नये. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिला आहे. तशी सोय कॉलेजात नसेल तर जिल्हा सामान्य रुग्णालयात जाता येते. जीव नकोसा वाटण्याचे विचार आले तर मात्र त्याच दिवशी कोणाला तरी सांगावे. टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या 14416 या विनाशुल्क क्रमांकावर दिवसरात्र मराठीतून बोलता येते, आणि विद्यार्थ्याला जमत नसेल तर त्याच्यासाठी आई-वडील किंवा खोलीतला सोबतीही फोन लावू शकतो.